पुंडलिक मास्तरांची पश्चिमेची भिंत

भिंतीतून झिरपून बाहेर आलेल्या पावसाच्या पाण्याला जात असते का? हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. अमरावतीच्या एका गल्लीत भरदिवसा शिकलेसवरलेले लोक या प्रश्नावर भांडले, आणि ‘असते’ असा निकाल देऊन घरी जेवायला गेले. तो निकाल ज्या माणसानं मानला नाही, त्याच्याबद्दल मला लिहायचं आहे. त्याची तसबीर कुठे लागलेली नाही. ज्या वसतिगृहाची भिंत त्यानं वाचवली, तिथे देणगीदारांच्या तसबिरी आहेत. हार घातलेल्या, काचेच्या आतल्या. त्या कोरड्या राहिल्या आहेत त्याही त्याच्यामुळेच.

पुंडलिक मास्तर अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाचे गृहपती होते. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातून आलेले. उंच, हाडकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, पायात करकरणारे जोडे. जोडे मुद्दाम करकरणारे घ्यायचे. म्हणायचे, “आमच्या बापानं गावातून जाताना जोडे हातात घेतले. माह्ये जोडे दोन घरं आधी आयकू आले पायजे.” आवाजही तसाच. हळू बोलणं त्यांना माहीत नव्हतं. मी त्या वेळी जवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो आणि संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवायला वसतिगृहावर जायचो. पहिल्याच दिवशी मी त्यांना ‘आपण’ म्हटलं, तर ते मुलांकडे वळून म्हणाले, “पाहा रे, मास्तर मले आपण म्हनते. आता कोनी अरे म्हनलं तं त्याले याहीच्या घरी पाठवा.”

त्यांची एक सवय नव्या माणसाला चमत्कारिक वाटे. सकाळी उठले की ते तोंडही न धुता मुलांच्या खोल्यांतून फिरत आणि भिंतींना तळहात लावत. आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा नव्हे. उधारी वसूल करायला आलेला माणूस दारावर ठेवतो तसा, दाबून. मग हात नाकाशी नेऊन वास घेत. वास आला, की त्या खोलीतल्या मुलांच्या वळकट्या अंगणात आणि मुलंही अंगणात. “वल लागली,” एवढंच बोलत. ओलीला ते शत्रू मानत नसत, चोर मानत. शत्रू समोरून येतो, चोर आपल्या भिंतीत राहतो, असं त्यांचं म्हणणं.

या वैराचं कारण मला खूप उशिरा कळलं, आणि तेही करीमभाई गवंड्याकडून. मास्तरांच्या गावात त्यांची वस्ती उताराच्या टोकाला होती. सगळ्या गावाचं पाणी तिथे येऊन साचायचं. मातीच्या भिंती ते पाणी पीत पीत उभ्या राहायच्या आणि एखाद्या वर्षी बसायच्या. तशाच एका भिंतीखाली त्यांची धाकटी बहीण गेली. मास्तर स्वतः तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त एकदा, मुलांना भूगोल शिकवताना, पर्जन्यमानाचा धडा अर्धा टाकून म्हणाले, “आमच्या वस्तीत भित पडली की गाव म्हने, यंदा पाऊस लय झाला. पाऊस तं पाटलाच्या वाड्यावर बी तेवढाच पडे.” आणि पुस्तक मिटलं. तेवढा धडा मुलांना पुरेसा होता. मलाही.

वसतिगृहाची इमारत एका मंडळानं बांधली होती. मंडळ अकोल्याचं; अध्यक्ष एक रावसाहेब, कापसाच्या जिनचे मालक. जागा मिळाली ती देवळाकडे जाणाऱ्या गल्लीला लागून, कारण ती पडीक होती आणि दुसरं कुणी घेत नव्हतं. पश्चिमेची भिंत गल्लीवर. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो आणि तिरपा येतो; तो सगळा त्या भिंतीवर आपटायचा. करीमभाईंनी म्हणून ती भिंत दुहेरी बांधली. बाहेर एक, आत एक, आणि मध्ये चारदोन बोटांची पोकळी. बाहेरची भिंत भिजली तरी पाणी पोकळीतून खाली उतरावं, आणि पायाशी गल्लीच्या बाजूला ठेवलेल्या बारीक भोकांतून निघून जावं, अशी योजना. हे करीमभाई कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर शिकले होते आणि त्याचा त्यांना फार गर्व होता. “मास्तर, ऐसी दीवार अख्ख्या अमरावतीत नाई. गव्हर्नरच्या बी घरी नाई,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गव्हर्नरचं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

पण मोठेपणा करीमभाईंचा खरा आणि घोटाळा आमचाच. पहिल्या दिवाळीला मुलांनी वसतिगृह सारवलं, रंगवलं. ही मुलं मातीच्या घरांतून आलेली. दिवाळीच्या आधी घराचं एकूण एक भोक बुजवायचं, उंदराचं असो की मुंग्यांचं, ही त्यांच्या हातांना लागलेली शिस्त. भोक उघडं ठेवून दिवाळी साजरी करणारं घर आळशी, असं त्यांच्या आयांनी त्यांना शिकवलेलं. त्यांनी पायाशी ओळीनं भोकं पाहिली आणि पांढऱ्या मातीनं, फार प्रेमानं, एकूण एक बुजवली. मास्तर मागे उभे राहून “वा रे माह्ये वाघ!” म्हणत होते. कारण आईकडून तेही तेच शिकले होते.

पुढच्या पावसाळ्यात पश्चिमेच्या खोल्यांचा गिलावा फुगला. आधी शेवाळी डाग, मग पोपडे, मग उशांना वास. मुलं खोकू लागली. अंजनगावचा एक पोरगा इतका खोकला की त्याचा बाप येऊन त्याला घेऊन गेला. तो पुन्हा शाळेत आला नाही. करीमभाई आले, भिंतीच्या पायाशी उकिडवे बसले, आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

“मास्तर, ये भोकं काय म्या खूबसूरतीसाठी सोडले होते?”

“आमाले वाटलं, तुमचे बुजाचे राहून गेले,” मास्तर म्हणाले.

“या अल्ला! अन् इचारलं काहून नाई?”

“इचारलं असतं, पन तुमी गव्हर्नरचं घर सांगत बसले असते.”

दोघंही हसले, पण मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. अंजनगावच्या पोराची वळकटी त्यांनी आपल्या खोलीत ठेवून घेतली. भोकं पुन्हा उघडली. आतली ओल निघायला एक अख्खा उन्हाळा गेला. तेव्हापासून त्या भोकांवर त्यांचं लक्ष असं असे, की मुलं त्यांना ‘मास्तरची लेकरं’ म्हणत. काडीनं साफ करायचं काम ते दुसऱ्याला देत नसत.

आता गल्लीकडे वळतो. गल्लीचा उतार वसतिगृहाकडून समोरच्या घरांकडे होता, आणि नाली फक्त त्यांच्या बाजूला होती. आमच्या बाजूलाही नाली खणा, असा अर्ज मास्तरांनी म्युनिसिपालटीत केला होता. उत्तर मिळालं की त्या बाजूला वस्ती नाही. पंचवीसतीस मुलं त्यांच्या हिशेबात वस्ती नव्हती. त्यामुळे भोकांतून निघालेलं पाणी गल्ली ओलांडून समोरच्या नालीत जायचं. बोटभर धार. आणि त्या गल्लीतून लोक श्रावणात अनवाणी देवळात जायचे.

समोर बापूसाहेब वकील राहत. सभांमध्ये ते समतेवर बोलत, आणि चांगलं बोलत. त्यांच्या दोन भाषणांची मुद्रितं मी तपासलेली आहेत. एका सोमवारी ते हातात तांब्या घेऊन धारेच्या अलीकडे थांबले आणि त्यांनी मास्तरांना हाक मारली.

“मास्तर, हे तुमच्याकडचं पाणी बंद करावं लागेल. लोकांना विटाळ होतो.”

“थे पावसाचं पानी हाय, वकीलसाहेब.”

“आज पाऊस कुठे आहे? सकाळपासून ऊन पडलंय. हे मोरीचं असणार.”

“आभाय रिकामं झालं, भित नाई झाली. काल प्याली, आज सोडून राहिली.”

“भिंतीतून येतं ना पण? तुमच्या भिंतीतून.”

“आभायातून पडलं तवा कोनाचं होतं?”

कोर्टात असते तर वकिलांनी पुढची तारीख मागितली असती. इथे ते म्हणाले, “वाद नको. भोकं बुजवा, आतल्या बाजूला काढा.”

“आतल्या बाजूले पोट्टे झोपतात.”

“ते तुम्ही बघा.”

तेव्हा मास्तरांचा आवाज चढला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. “बापूसाहेब, तुमच्या धाब्याची पनाळ याच गल्लीत पडते. माह्ये पोट्टे शाळेत जातात तं तिच्या खालून भिजून जातात. आजपर्यंत एक बी पोट्टा इटायला नाई. आमची जात पक्की दिसते. तुमचीच कशी इतकी कच्ची, की बोटभर पान्यानं इरघळते?”

हे वाक्य मी त्याच आठवड्यात एका पत्रकात छापलं. लेखक म्हणून ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक, आणि त्यातलं एकमेव चांगलं वाक्य माझं नव्हे.

मग गल्लीनं आपली हत्यारं काढली. दूधवाला यायचा बंद झाला. किराणावाला म्हणू लागला, डाळ संपली. डाळीचं पोतं त्याच्या मागे उभं असे. आणि पुढच्या सोमवारी सकाळी पाहिलं, तर सगळी भोकं बाहेरून सिमेंटनं बुजलेली. कुणी केलं हे कुणी सांगितलं नाही. सिमेंट स्वस्त नव्हतं. धर्मासाठी कुणीतरी पदरमोड केली होती. त्या आठवड्यात पावसाची झड लागलेली. भिंत आत भरत चालली होती.

मास्तरांनी छिन्नी-हातोडा घेतला. मी म्हटलं, लोक देवळातून परतल्यावर करू. ते म्हणाले, “त्याहीनं चोरून बुजलं. आपून चोरून उघडाचं तं दोघात फरक काय?” आणि जोडे करकरवत, देवळाला जायची गर्दी ऐन भरात असताना, गल्लीत मांडी घालून बसले.

पहिलं भोक उघडलं तसं पाणी हातभर लांब उडालं. मग दुसरं, तिसरं. पोकळीत साचलेलं सगळं बाहेर येऊ लागलं. बोटभर धारेचा ओढा झाला आणि गल्लीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला. ताटं, तांबे, बेलाच्या पुड्या घेतलेले लोक जागच्या जागी थबकले. कुणी ओट्यांवर चढले. एक जाडजूड गृहस्थ आपल्या मुलाच्या पाठीवर चढायला बघत होते. शिव्या सुरू झाल्या. एक दगड आला आणि मास्तरांच्या खांद्याला लागला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही; छिन्नी पुढच्या भोकाला लावली. मुलं दारातून धावली, तर ओरडले, “आत व्हा! कोनी हात उचलाचा नाई. आपलं काम भोकं उघडाचं हाय.”

गर्दी अडली, पूजा अडली. कोण पाय टाकणार? तेवढ्यात मागून गंगामाय आली. ती माळीण, देवळाची फुलं तिच्याच मळ्यातून यायची. डोक्यावर मोठी पाटी. तिनं पाण्याकडे पाहिलं, ओट्यांवर उभ्या राहिलेल्या लोकांकडे पाहिलं.

“काय झालं वो? नदी आली काय?”

“गंगाबाई, थांबा, त्या भिंतीचं पाणी आहे,” वकील ओट्यावरून म्हणाले.

“मंग? पान्यानं भिजते मानूस, मरत तं नाई. सरका बाजूले, मले उशीर होऊन राहिला. फुलं सुकून राहिली.” आणि लुगडं पोटरीपर्यंत खोचून ती छपाक छपाक निघून गेली. मास्तरांजवळून जाताना म्हणाली, “मास्तर, खांद्याले हयद लावा.”

आता खरी अडचण आली होती. फुलं त्या पाण्यातून गेली होती, आणि दुसरी फुलं देवळात नव्हती. विटाळलेली म्हणावीत तर सोमवारी महादेव उघडा राहतो. न म्हणावीत तर मग पाण्यात विटाळ नाही. शेवटी एकानं हळूच पाय टाकला, मग दुसऱ्यानं. ज्यांनी पाय टाकले त्यांनी नंतर घरी जाऊन अंघोळी केल्या असतील. फुलं मात्र महादेवाच्या डोक्यावरून कुणी काढली नाहीत.

माझ्या तेव्हाच्या वयाला वाटलं, जिंकलो. जिंकलो नव्हतो. ज्या लोकांना त्या सकाळी उत्तर सुचलं नाही, त्यांनी ते अकोल्यात जाऊन शोधलं.

रावसाहेब मोटारीनं आले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हीच पंचाईत. वाईट माणसाविरुद्ध पत्रक काढता येतं. त्यांनी मुलांना खाऊ वाटला, भिंत पाहिली, चहा घेतला. आमच्या कपातून घेतला, हेही लिहिलं पाहिजे. मग म्हणाले, “पुंडलिकराव, संस्था मोठी की ही भोकं? गावाला सांभाळून घ्यावं लागतं. माफीचे दोन शब्द लिहून द्या, भोकं आतून काढू. नाहीतर देणगीदार हात आखडतील, मग वसतिगृहच राहणार नाही.”

“भित राहिली नाई तं वसतिगृह काय देणगीवर उभं राहीन?”

“तुम्ही फार ताणता.”

“ताणत नाई, रावसाहेब. अंजनगावचा एक पोट्टा या भिंतीपायी म्या गमावला हाय. तवा मले माहीत नोतं. आता माहीत हाय. माहीत असून दुसरा गमावू?”

रावसाहेब रुमालानं मान पुसत राहिले. त्यांना गल्लीला दाखवायला काहीतरी हवं होतं; रिकाम्या हातानं परत जाता येत नव्हतं. मास्तरांनी ते माझ्याआधी ओळखलं.

“तुमाले गल्लीसमोर एक मानूस काढून दाखवाचा हाय ना? मले काढा,” ते म्हणाले. “भोकं ठेवा. अन् आमच्या बाजूनं नाली खणून द्या, म्हंजे इटाळ बी होनार नाई. एवढं बोला, म्या उद्या जातो.”

रावसाहेब इतक्या लवकर ‘बरं’ म्हणाले, की मला त्यांचा राग कायमचा आला. आणि नाली मंजूर झाली. जी नाली मुलांच्या तब्येतीसाठी मिळाली नव्हती, ती शेजाऱ्यांच्या सोवळ्यासाठी मिळाली. आपल्या सुधारणा अशा चालतात. हे वाक्य कुणाला झोंबत असेल तर झोंबो.

मी मास्तरांशी भांडलो. नागपूरला कौन्सिलात अस्पृश्यांच्या हक्कांचे ठराव होत आहेत, सभा भरवू, तुमच्या नावानं पत्रक काढू, तुम्ही असे हरून जाऊ नका, असं बरंच बोललो.

“हरलो कसा?” ते कोटाची बटणं लावत म्हणाले. “पोट्टे कोरड्यात झोपतीन.”

“पण तुम्ही?”

“म्या बी कुठं तरी कोरड्यातच झोपीन. अन् पत्रक काढाचं तं माह्या नावानं नको काढू. नालीच्या नावानं काढ. अर्ज केला तवा वस्ती नोती, आता वस्ती कुठून आली, असं इचार त्याहीले.”

मी तेच पत्रक काढलं. पण मनातून मला आजही ते पटलेलं नाही. अन्याय करणाऱ्यानं जागेवर राहायचं आणि न करणाऱ्यानं ट्रंक भरायची, याला तोड म्हणणारे म्हणोत. मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. वसतिगृहाला मागे एक दार होतं. आमच्या मुलांनी मागूनच जावं-यावं, अशी गल्लीची न लिहिलेली व्यवस्था, आणि सकाळी देवळाच्या वेळेला तर नक्कीच. मास्तर त्याच वेळेला पुढच्या दारानं बाहेर आले. डोक्यावर ट्रंक, काखेत वळकटी. मुलं उचलायला आली, तर त्यांना अभ्यासाला बसवलं. मीच तेवढा दाराशी होतो. रात्री पाऊस झालेला, धार वाहत होती. ओट्यांवर माणसं जमली होती. मास्तर जाताना बघायचे होते ना.

बापूसाहेब वकील खाली, वाटेतच उभे होते. खालच्या आवाजात म्हणाले, “मास्तर, आता कशाला? मागून गेला असतात.”

मास्तरांनी ट्रंक गल्लीच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसले. सावकाश जोडे काढले. दोन्ही पाय धारेत सोडले. ओंजळीनं पाणी घेऊन घोटे धुतले, टाचा चोळल्या, बोटांच्या बेचक्या धुतल्या, जणू लग्नाच्या पंगतीला बसायचं आहे. धुणं झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“पानी लय चांगलं हाय, वकीलसाहेब. एकदा पाहा.”

मग ओल्या पायांनीच जोडे चढवले, ट्रंक उचलली आणि सरळ चालू लागले. वाटेत वकील होते. मास्तर थांबले नाहीत, बाजूलाही झाले नाहीत. वकील बाजूला झाले. वाट द्यायला झाले की अंग चोरायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मास्तर गल्लीच्या मधून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागले.